ट्रक आला, परेड मागेच राहिली

सोमवारी सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये विंडो सीट मिळणं म्हणजे लॉटरीच. गेल्या सोमवारी ती मला लागली, तरी मी प्रवासभर दोन्ही हात बॅगेखाली लपवून बसलो होतो. नखांत ग्रीस, तळव्यांवर काळे नकाशे आणि अंगाला गिअर ऑइलचा असा काही वास, की शेजारच्या गृहस्थांनी दोनदा वर पंख्याकडे संशयाने बघितलं. साबण झाला, लिंबू झालं, साखर-तेल झालं. दहा वाजता क्लायंटसमोर प्रेझेंटेशन होतं आणि लेझर पॉइंटर धरणारा हात थेट गॅरेजमधल्या पोऱ्याचा दिसत होता.

कारण आदल्या दिवशी आम्ही ‘वरण’च्या मागच्या डिफरन्शियलचा प्लग उघडला होता. आतून काळंभोर तेल यायला हवं होतं. आली कॉफी. चांगली दुधाळ, घट्ट, फेसवाली. कॅफेत कुणी बिनधास्त दोनशे रुपये लावले असते!

वरण म्हणजे आमचा ट्रक. आमचा म्हणजे पाच जणांचा. एक सीए, दोघं आयटीवाले, एक बँकवाला आणि अस्मादिक. शाळेपासूनचे दोस्त. इतर ग्रुप बोनस घेऊन गोव्याला जातात. आम्ही दोन वर्षांचे बोनस एकत्र केले आणि लष्कराने निकालात काढलेला एक जुना शक्तिमान घेतला. गोल गोल फिरून उडणारा नव्हे. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला बनलेला तीन टनी फोर-बाय-फोर ट्रक. आधी तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि मग १९६९ साली खास गाड्यांसाठी उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीत. नव्वदच्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं आणि अशोक लेलँडचा स्टॅलियन, टाटाचा एलपीटीए ७१३ असे नवे गडी सैन्यात आले.

आता नावाची भानगड. आम्हाला अर्थातच तो ऑलिव्ह ग्रीनच हवा होता. फोटोत काय दिसला असता! पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ नंबरचा नियम आडवा आला. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाही तो रंग लावता येत नाही. मग बरीच भांडणं होऊन मातकट पिवळा ठरला, आणि रंग सुकायच्या आत माझ्या आईने गच्चीतून बघून ‘अगदी वरणासारखा दिसतोय’ असं बारसं करून टाकलं.

तसं बघितलं तर वरण नात्यातल्याच गावात नांदायला आलंय. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले, १९४९ मध्ये ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं, पण पत्ता आजही कॅम्प नंबरनेच सांगतात. पुढच्याच स्टेशनवर, अंबरनाथला, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथची ही प्रोटोटाइप फॅक्टरी आणि जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी एकाच कंपनीच्या छताखाली गेल्या. म्हणजे सासर-माहेर एकच!

एवढा मजबूत ट्रक आहे म्हटल्यावर त्याला काय होणार, अशी आमची पक्की समजूत होती. सगळ्या गडबडीचं मूळ तिथेच आहे. रिकामा असतानाही त्याचं वजन एखाद्या एसयूव्हीच्या दुपटीहून जास्त भरतं. हलक्या जीपने एखादी चूक केली तर ती घसरते, उडी मारते, हसं होतं आणि सुटते. जड ट्रकने तीच चूक केली तर सगळं वजन कुठल्या तरी एका शाफ्टवर, एका क्रॉसवर, एका बोल्टवर येतं. आणि बोल्टला तुमचा ट्रक कुठल्या लढाईत होता याच्याशी काही घेणं-देणं नसतं.

तर, कॉफी.

जूनमधला दुसरा शनिवार. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या दिशेला, ओळखीच्या एका शेतकरीदादांची पडीक जागा आहे. मधून ओढा जातो. एरवी घोटाभर पाणी, त्या दिवशी मांडीभर. उल्हासनगरहून निघालो, ट्रॅफिकमधून घाम गाळत तिथे पोहोचलो आणि न थांबता थेट पाण्यात. पलीकडे निघालो, पुन्हा अलीकडे. मोबाइलवर शूटिंग. पाण्याचे दोन मोठे पंख दोन्ही बाजूंना उडालेत, असा तो व्हिडिओ माझ्या ऑफिसातल्या एचआरनेसुद्धा लाइक केला. तीन आठवड्यांनी मागच्या चाकांकडून ‘घूंऽऽ’ असा आवाज यायला लागला. म्हटलं टायरचा असेल. नव्हता.

झालं काय होतं? ऑफिसला गरमागरम भाजीचा स्टीलचा डबा घट्ट झाकण लावून नेलात, की जेवायच्या वेळी झाकण निघत नाही ना? आतली हवा थंड होऊन आकसते आणि झाकण ओढून धरते. डिफरन्शियलचं हाउसिंग म्हणजे तसाच एक बंद डबा. तास-दीड तास चालल्यावर तो तापलेला असतो. तो एकदम गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. ही हवा ये-जा करायला हाउसिंगवर एक छोटीशी जागा ठेवलेली असते, ब्रीदर नावाची. करंगळीएवढी वस्तू. ती चिखलाने बुजलेली असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत येतं. उघडी असेल पण पाण्याखाली असेल, तर सरळ तिच्यातूनच येतं. पुढे दाते फिरले की तेल आणि पाणी घुसळून निघतं आणि तयार होते ती कॉफी. तिला वंगण म्हणून काडीची किंमत नाही. बेअरिंगवर आधी डाग पडतात, मग खड्डे. क्राउन-पिनियनचे दाते खवले निघाल्यासारखे होतात.

उपाय इतका स्वस्त आहे की सांगतानाही लाज वाटते. ब्रीदरला एक रबरी नळी जोडायची आणि तिचं दुसरं टोक चासीवरून वर, केबिनच्या उंचीला नेऊन बांधायचं. पुढचं ॲक्सल, मागचं ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, जिथे जिथे ब्रीदर असेल तिथे. दुसरा उपाय म्हणजे पाण्यात उतरायच्या आधी थांबायचं. हबला हात लावून बघायचा. हात ठेववत नसेल तर ठेववेपर्यंत चहा प्यायचा. चहा हा ऑफ-रोडिंगमधला टेक्निकल भाग आहे, हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं.

आणि तिसरा उपाय दुसऱ्या दिवशी सकाळचा. गाडी रात्रभर उभी राहिली की आत शिरलेलं बरंचसं पाणी तेलाच्या खाली जाऊन बसतं. गाडी हलवायच्या आधी ड्रेन प्लग जरासा सैल करायचा. आधी पाणी टपकलं तर समजायचं, तेल बदलायचंय. तेलच टपकलं तर प्लग घट्ट. दोन मिनिटांचं काम. आम्ही त्या दिवशी उठून आधी व्हिडिओला किती लाइक आले ते बघितलं.

हे सगळं ज्यांनी सांगितलं ते हवालदार काका. अंबरनाथला राहतात, सैन्यात वीस-बावीस वर्षं ट्रक चालवून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. बँकवाल्याच्या सोसायटीत शेजारी आहेत. ट्रॅक पँट, स्वेटर आणि खिशात एक छोटी वही. रविवारी ते आले, वरणभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, आणि म्हणाले, “आरं पोरांनो, ट्रक घेतला, लई झ्याक केलं. पण परेड कुठाय?”

आम्हाला वाटलं, सव्वीस जानेवारीबद्दल बोलतायत.

फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड. सैन्यातल्या ड्रायव्हरच्या आयुष्यातले हे तीन नमस्कार. इंजिन सुरू करायच्या आधी फर्स्ट परेड. तेल, पाणी, बेल्ट, टायर, नट, खाली कुठे थेंब पडलाय का, हत्यारं जागेवर आहेत का. वाटेत गाडी थांबली की हॉल्ट परेड. ड्रायव्हर आधी सिगारेट काढत नाही. गाडीभोवती फिरतो, प्रत्येक हबला हात लावतो. चारांतला एकच जास्त गरम लागला, तर तिथलं बेअरिंग तरी बोलतंय किंवा ब्रेक तरी धरलाय. दिवस संपला की लास्ट परेड. धुणं, पुसणं, टाकी भरणं आणि काय बिघडलंय ते लिहून कळवणं. उद्या नाही, आजच. “थकवा आला तरी?” आमच्या आयटीवाल्याने विचारलं. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने परत प्रश्न विचारला नाही.

म्हणजे बघा. आम्ही समजत होतो की हे ट्रक लोखंडाच्या जोरावर एवढी वर्षं टिकले. लिलावात लोखंड मिळतं हो. त्याच्याबरोबर रोज सकाळी त्याच्याखाली शिरणारा माणूस मिळत नाही. तो युनिटमध्येच राहतो.

काकांनी मग आमची मागच्या दोन वर्षांची कर्मकहाणी ऐकून घेतली. एकेक ऐकून ते वहीत काहीतरी टिपत होते. मला तर वाटलं, चार्जशीट लिहितायत.

पहिला गुन्हा काटई-बदलापूर रस्त्यावरचा. चिखलात मजा करून आलो, डांबरी रस्त्याला लागलो आणि पुढचं ॲक्सल सोडवायला विसरलो. ज्या गाडीत पुढचं ॲक्सल लिव्हरने जोडावं लागतं आणि मध्ये तिसरा डिफरन्शियल नसतो, तिथे पुढची आणि मागची चाकं एकाच चालीला बांधली जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात ती थोडी घसरून हिशेब मिटवतात. डांबरावर टायर घसरत नाही. मग तो पीळ शाफ्टमध्ये साठत जातो, दोघांनी दोन टोकांना धरून ओली चादर पिळावी तसा. स्टिअरिंग जड होतं. लिव्हर निघत नाही. आम्ही काय केलं? लिव्हरला हातोडी मारली. यू-टर्न मारायला गेलो आणि प्रॉपलर शाफ्टचा क्रॉस गेला. करायचं होतं ते एवढंच, की सरळ रेषेत थोडं मागे यायचं. पीळ उलटा सुटतो आणि लिव्हर बोटाने निघतं. (तुमच्या सोसायटीत ज्याची ती लिव्हरवाली फोर-बाय-फोर आहे ना, त्यालाही हे सांगा. तोसुद्धा पावसात स्टाइल म्हणून मॉलच्या रॅम्पवर फोर-बाय-फोर टाकून वळवतो.)

दुसरा गुन्हा ॲक्सिलरेटरचा. एक चाक खड्ड्यावर अधांतरी, गरगर फिरतंय, आणि खालून चार जण ओरडतायत, “दे! दे! अजून दे!” आमच्या बँकवाल्याने दिला. फिरणारं चाक दगडावर टेकलं आणि ‘टक्’ असा आवाज आला. मोठा नाही, पेन्सिल मोडल्यासारखा. हाफ शाफ्ट गेला. लो गिअरमध्ये इंजिनचा जोर कितीतरी पटींनी वाढून चाकापर्यंत पोहोचलेला असतो. त्यात फिरतं चाक एकदम थांबलं की तो सगळा झटका त्या एका दांड्यावर. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना पुढच्या चाकांना हा झटका दिलात तर तिथले जॉइंट त्याहून आधी जातात. चाक फिरायला लागलं, की पाय उचलायचा. खाली उतरायचं. दगड भरायचे. ओरडणाऱ्यांना दगड आणायला पाठवायचं, ते आपोआप गप्प होतात.

तो हाफ शाफ्ट घेऊन आम्ही कॅम्पातल्या एका लेथवाल्याकडे गेलो. उल्हासनगरमध्ये काय वाट्टेल ते बनवून मिळतं, याचे जोक तुम्ही ऐकलेच असतील, मी रिपीट करत नाही. पण त्या दाढीवाल्या अंकलनी शाफ्ट हातात घेतला, तुटलेलं टोक उजेडात धरलं आणि म्हणाले, “बेटा, दिखने में सेम टू सेम बनाके दूँगा. लेकिन लोहे की गॅरंटी नहीं.” हाफ शाफ्टला ठरावीक मिश्रणाचं पोलाद लागतं आणि त्याला योग्य पाणी द्यावं लागतं. साध्या सळीतून हुबेहूब कातलेला शाफ्ट पहिल्या चढावर जिलबीसारखा पिळला जातो. धंदा सोडून खरं सांगितलं त्यांनी. जुन्या ट्रकचा ओरिजिनल शाफ्ट शोधायला आम्हाला दोन महिने लागले, तेवढे दिवस वरण बसून होतं. हल्ली आम्ही फिरायला जाताना एक जादा शाफ्ट आणि दोन क्रॉस बरोबर ठेवतो.

तिसरी गोष्ट मी काकांना सांगितली नाही. सीएने स्वतः सांगितली.

मागच्या वर्षी जुलैमध्ये वरण भातखाचराच्या कडेला रुतलं. ॲक्सल चिखलात टेकलं होतं. गावातून ट्रॅक्टर आणला, वायर रोप आणला आणि बांधला कशाला, तर पुढच्या बंपरला. दोन-तीन हिसके दिले. चौथ्या हिसक्याला बंपरचा ब्रॅकेट तुटला आणि तो लोखंडाचा तुकडा रोपसकट सुटला. आवाज आला तो फक्त हवेचा. बांधावरच्या करवंदीची एक अख्खी जाळी कापली गेली. अर्ध्या मिनिटापूर्वी सीए त्या जाळीपाशी मोबाइल धरून उभा होता. सिग्नल मिळत नव्हता म्हणून चार पावलं वर गेला होता. बायकोचा फोन होता, दुधाची पिशवी आणायला सांगत होती.

त्या दिवशी परतताना कुणी गाणी लावली नाहीत.

काकांनी वही मिटली. म्हणाले, “गाडी गेली तर गाडी मिळंल.” आणि मग शांतपणे समजावून सांगितलं. लष्करी रिकव्हरीचा एक ढोबळ हिशेब असतो. चाकांएवढा ट्रक रुतला तर ओढायला साधारण त्याच्या वजनाएवढाच जोर लागतो. मडगार्डपर्यंत रुतला तर दुप्पट. म्हणजे ट्रॅक्टर, बंपर आणि भंगारातून आणलेला रोप यांच्याकडून आम्ही काय मागत होतो, ते बघा. म्हणून आधी फावडं. चाकांपुढचा चिखल काढायचा, ॲक्सलखालची माती मोकळी करायची, चाकाखाली फळ्या, दगड, काहीही. जोर आपोआप निम्म्यावर येतो. रोप बांधायचा तो चासीच्या टो हुकलाच. बंपर नाही, टाय रॉड नाही, पाटे नाहीत. ताणलेल्या रोपवर मधोमध ओलं गोणपाट किंवा जाड ताडपत्री टाकायची, म्हणजे सुटला तरी खाली पडतो. हिसका नाही, हळूहळू ताण. आणि बघ्यांनी रोपच्या लांबीच्या दीडपट लांब, रोपच्या रेषेत तर अजिबात नाही. शूटिंग करणाऱ्यांनीसुद्धा!

सीए अजूनही येतो आमच्याबरोबर. फक्त रोप काढला की तो न सांगता ट्रकच्या पलीकडे जाऊन बसतो. कुणी चिडवत नाही.

टायरबद्दल काका सगळ्यात जास्त बोलले, कारण तिथे आम्ही फारच हुशारी करत होतो. नेटवर वाचलं होतं की चिखलात हवा कमी करा. बरोबर आहे, टायर पसरतो, पकड वाढते. पण जुन्या ट्रकला ट्यूब असते आणि रिम एकसंध नसते. बाहेरून एक लोखंडी लॉक रिंग बसवलेली असते. हवा फार कमी केली आणि जोर दिला, की टायर रिमवर सरकतो, ट्यूबही सरकते आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. तीच कमी हवा घेऊन डांबरावर पळवलंत तर टायर तापून जातो. आणि खरा धोका पुढेच आहे. हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल तर ती तोफगोळ्यासारखी उडते. यात हायवेवरच्या पंक्चरवाल्यांचे जीव गेलेत. म्हणून चाक उघडायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, आणि भरताना चाक पिंजऱ्यात किंवा निदान साखळीने आवळून, लांब नळी लावून, बाजूला उभं राहून. आत हवा असताना रिंगवर हातोडी? काका म्हणाले, “ते करायचं आसंल तर मला आधी सांगा, मी घरी जातो.”

पाट्यांचं प्रकरण छोटं आहे. यू-बोल्ट सैल झाले की पाटे एकमेकांवर सरकतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि ॲक्सल तिरकं होतं. नवे पाटे बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. मागे सामान टाकायचं ते खाली आणि बांधून. आम्ही मोकळा ठेवलेला पाण्याचा ड्रम एकदा उतारावर आपणहून पुढे चालत आला होता. आणि उतारावर क्लच दाबायचा नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं.

पाण्याबद्दल मात्र आणखी थोडं सांगायलाच हवं, कारण आपला भाग उल्हास नदीचा. २६ जुलै २००५ इथल्या कुणालाच विसरता येत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अख्ख्या ट्रेनची ही गत, तर आपलं वरण कोण? काकांचा नियम असा: जे पाणी तुम्हाला पायी ओलांडता येत नाही, त्यात गाडी घालायची नाही. आधी काठी घेऊन चालत जायचं, तळ चाचपायचा. वाहत्या पाण्याचा जोर मांडीला जाणवला तर परत फिरायचं. वर डोंगरात पाऊस दिसत असेल तर ओढा आत्ता कसा दिसतोय याला अर्थ नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि एअर क्लीनरपर्यंत पाणी गेल्याची शंका असेल, तर सेल्फ मारायचा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि एका सेल्फमध्ये इंजिनचं काम निघतं. आणि हो, पाण्याचे ते दोन मोठे पंख! पाणी उडतंय याचा अर्थ तुम्ही फार जोरात आहात. पंख्याची पाती त्या पाण्यात वाकून रेडिएटरला लागू शकतात. माणसाच्या चालीने गेलं की पुढे एक छोटी लाट तयार होते आणि गाडी तिच्या मागून जाते. व्हिडिओ एकदम बोअर येतो.

आता जागेचं. ‘कुठे जाता?’ असं विचारणारे बरेच भेटतात. मी सांगत नाही. आम्हाला एका शेतकरीदादांनी त्यांच्या पडीक जागेची परवानगी दिलीय, तीही दिवाळीच्या फराळावर टिकून आहे. वनखात्याची हद्द, धरणाचा परिसर, कोंडेश्वरसारख्या देवस्थानाजवळचे झरे इथे आमचं काही काम नाही. नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, सपाट, मोकळी, मोह पडेल अशी. पण त्या जमिनीवरून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचं केवढं आंदोलन पेटलं होतं, ते आठवा. तिथे ट्रक नाचवायला जाणं शोभत नाही. आणि भातखाचराचा बांध फोडला तर वरच्या खाचरातलं पाणी निघून जातं. आपलं अर्ध्या तासाचं थ्रिल आणि त्यांचा अख्खा हंगाम.

खर्चाचा आकडा लिहीत नाही, कारण हा अंक माझ्या घरीही येतो. क्राउन-पिनियनचा जोड आणि चार बेअरिंग यांच्या किमतीत आम्ही पाचही जण फॅमिलीसकट महाबळेश्वरला जाऊन आलो असतो, एवढंच सांगतो. ब्रीदरच्या नळ्या शंभर-दीडशे रुपयांत आल्या. सीएने दोन्ही बिलं शेजारी शेजारी पिन करून गॅरेजच्या भिंतीवर लावलीयत.

काका आता दर रविवारी येतात. सकाळी साडेसहाला, वेळेच्या पाच मिनिटं आधी. पहिल्या रविवारी आम्ही आठला उगवलो, तेव्हा ते घरी निघून गेले होते आणि बोनेटवर वहीतला एक कागद ठेवला होता: ‘परेड झाली. तुम्ही गैरहजर.’ पुढच्या रविवारी पाचही जण सव्वासहाला हजर. आयटीवाल्याने एक्सेल शीट बनवून आणली होती, कलर कोडिंगसकट. काकांनी ती बघितली, घडी घालून खिशात ठेवली आणि त्याला वरणच्या खाली जायला सांगितलं.

सध्या ग्रीसिंग शिकणं चालू आहे. ग्रीस गन घ्यायची, निपल पुसायचं, दुसऱ्या टोकाने जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरायचं. कठीण काही नाही. कठीण हे, की निपल कुठे कुठे आहेत ते शोधणं. चिखलाखाली दबलेले, रंगाखाली बुजलेले, शाफ्टच्या पाठीमागे लपलेले. गेल्या रविवारी खडूने खुणा करत करत आम्ही सव्वीस मोजले आणि मोठ्या अभिमानाने काकांना आकडा सांगितला.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “आजून शोधा,” म्हणाले.